सुकार्नोंचा सभात्याग

एखाद्या जागतिक संघटनेत आपल्या मनासारखे घडले नाही, की तिला रामराम ठोकून मोकळे व्हावे, ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेने १९८४ च्या अखेरीस युनेस्को सोडली, २००३ मध्ये ती परतली, पुढे पुन्हा बाहेर पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा आत आली. २०२५ च्या जानेवारीत तर तिच्या राष्ट्राध्यक्षांनी अधिकारग्रहणाच्या दिवशीच जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही केली. आपल्याकडेही काश्मीरविषयी कोठे काही वावगे बोलले गेले, की भारताने संयुक्त राष्ट्रसंघातून बाहेर पडावे, अशी सूचना करणारी पत्रे संपादकांच्या टपालात हमखास येऊन पडतात. ती लिहिणाऱ्यांच्या देशप्रेमाविषयी आम्हाला शंका नाही. मात्र अशा एका सभात्यागाचे काय झाले, ते त्यांनी एकदा पाहून घ्यावे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेपासून त्याचे सभासदत्व सोडत असल्याचे रीतसर कळविणारा देश एकच झाला, तो म्हणजे इंडोनेशिया, आणि तो निर्णय घेणारा माणूसही एकच होता.

सुकार्नोंचा जन्म ६ जून १९०१ रोजी जावा बेटावरील सुराबाया येथे झाला. मुलाचे मूळ नाव कुस्नो. वडील जावामधील शाळामास्तर. आई इदा आयू न्योमन राय ही बालीमधील हिंदू ब्राह्मण घराण्यातली. मुलगा वारंवार आजारी पडे. नाव बदलले म्हणजे दैवही बदलते, असा जावातील समज. वडिलांचा महाभारतावर मोठा जीव; त्यांनी मुलाला कर्णाचे नाव दिले. मात्र कर्ण लढला तो कौरवांच्या बाजूने, हे त्यांच्या मनाला टोचत असावे. म्हणून नावामागे त्यांनी ‘सु’ जोडला. धर्माने मुसलमान असलेल्या त्या बेटावर छायाबाहुल्यांचा वायांग नावाचा खेळ रात्ररात्र चालतो आणि त्यात भीम, अर्जुन, घटोत्कच यांना आजही मान आहे. देवळासमोर पहाटेपर्यंत दशावतार पाहत बसलेल्या आमच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावयास नको. हा मानी, उदार आणि अपमान न विसरणारा कर्ण पुढे सुकार्नोंच्या चरित्रात अनेक ठिकाणी डोकावतो.

शिक्षणासाठी सुराबायात असताना हा मुलगा सारेकात इस्लाम या संघटनेचे पुढारी चोक्रोआमिनोतो यांच्या घरी राहिला. राजकारणाचे धडे त्याने तेथेच गिरविले. १९२६ मध्ये बांडुंगच्या तांत्रिक महाविद्यालयातून तो स्थापत्य अभियंता होऊन बाहेर पडला आणि वर्षभरातच, १९२७ च्या जुलैत, त्याने राष्ट्रीय पक्षाची स्थापना केली. डच सत्तेने १९२९ च्या डिसेंबरात त्यांस पकडले आणि बांडुंगच्या न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा ठोठावली. दोन वर्षांनी सुटका झाली. १९३३ मध्ये पुन्हा अटक झाली आणि या वेळी खटल्याचीही तसदी न घेता त्यांना फ्लोरेस बेटावरील एन्दे या गावी हद्दपार करण्यात आले. फ्लोरेस म्हणजे फुले, हे गोमंतकीयांना सांगावयास नकोच. नाव ठेवणारे कोण होते, तेही नको. तेथून १९३८ मध्ये सुमात्रातील बेंकुलू येथे. जपानी सैन्य १९४२ मध्ये येईपर्यंत अशी आठ-नऊ वर्षे गेली. जपान्यांशी त्यांनी सहकार्य केले. जपान्यांच्या कामांवर सक्तीचे मजूर गोळा करण्यात त्यांचा आवाज वापरला गेला आणि त्यांतील कितीतरी परतले नाहीत. त्यांच्या चरित्रातील हा डाग आहे आणि त्यांच्या भक्तांनाही तो पुसता आलेला नाही. जपान शरण गेल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ रोजी, सुकार्नो आणि हत्ता यांनी जाकार्तातील एका घराच्या ओसरीवरून स्वातंत्र्याची घोषणा केली.

यानंतरची चार वर्षे आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. घोषणा झाली, पण डच परत आले. १९४७ च्या जुलैत त्यांनी पोलिसी कारवाई या गोंडस नावाखाली चढाई केली. तेव्हा हा प्रश्न सुरक्षा समितीपुढे नेला तो भारत आणि ऑस्ट्रेलिया यांनी. भारत तेव्हा स्वतःही अद्याप स्वतंत्र व्हावयाचा होता! समितीने १ ऑगस्टला युद्धबंदीचा आदेश दिला आणि वाटाघाटींसाठी एक समिती धाडली. डचांनी तिला फारशी दाद दिली नाही. १९ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी प्रजासत्ताकाची राजधानी योग्याकार्ता हिच्यावर विमानांतून सैनिक उतरविले आणि सुकार्नो, हत्ता यांना धरून नेले. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी. नेहरूंनी पुढच्याच महिन्यात दिल्लीस आशियाई राष्ट्रांची परिषद बोलाविली, डच विमानांना भारतावरून उडण्यास बंदी घातली आणि २८ जानेवारी १९४९ रोजी सुरक्षा समितीने कैद्यांची सुटका व सत्तांतर यांचे वेळापत्रकच डचांच्या हाती ठेवले. जंगलातील गनिमांचे रक्त, अमेरिकेने हॉलंडवर आणलेला आर्थिक दबाव, ही कारणे होतीच; परंतु कैदेतील सुकार्नोंसाठी जगात ज्या सभागृहात सर्वांदेखत भांडता आले, ते सभागृह युनोचे होते. २७ डिसेंबर १९४९ रोजी डचांनी सार्वभौमत्व सोडले. महिन्याभराने, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताच्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे म्हणून सुकार्नो दिल्लीत नेहरूंच्या समवेत होते. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी इंडोनेशिया युनोचा ६० वा सभासद झाला.

असे असताना पंधरा वर्षांत एवढे काय बिनसले?

पहिले कारण पश्चिम इरियन. न्यू गिनी बेटाचा पश्चिमेकडील अर्धा भाग डचांनी सत्तांतरातून वगळला होता. हा प्रश्न इंडोनेशियाने आमसभेपुढे वर्षामागून वर्षे मांडला. दोनतृतीयांश मते कधी मिळाली नाहीत. १९५५ च्या एप्रिलात बांडुंग येथे २९ आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद भरवून सुकार्नोंनी जगाचे लक्ष वेधले, तरी न्यूयॉर्कमधील मतांचा हिशेब बदलला नाही. १९६० च्या ३० सप्टेंबर रोजी त्यांनी आमसभेत दीर्घ भाषण केले. चीनला सभासद करून घ्यावे, युनोचे मुख्यालय अमेरिकेतून हलवावे, सनदेत बदल करावा आणि आपल्या राष्ट्राची पंचशील तत्त्वे तिच्यात घालावीत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शेवटची मागणी थोडी आत्मप्रौढीची होती. बाकीच्यांत तथ्य होते, हे आज कोणीही मान्य करील. साठ कोटींवर लोकांचा देश बाहेर ठेवून तैवानच्या हाती नकाराधिकार देणारी संस्था स्वतःला जागतिक म्हणवीत होती.

अशा संस्थेविषयी राग काय असतो, हे गोमंतकीयांना ठाऊक आहे. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेना गोव्यात उतरली तेव्हा सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्थान यांनी भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव आणला. त्याच्या बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकाराने तो ठराव पडला. साडेचारशे वर्षांची सत्ता त्या सात राष्ट्रांना खुपली नाही, छत्तीस तासांची कारवाई खुपली. लढ्यात उभी वर्षे घालविलेले आमच्यासारखे कार्यकर्ते तेव्हा किती संतापले होते, ते आजही आठवते. आणि तरीही याच युनोच्या आमसभेने अवघ्या वर्षापूर्वी, १५ डिसेंबर १९६० रोजी, ठराव करून गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नव्हे, ती परतंत्र वसाहत आहे, असे नाव घेऊन जाहीर केले होते. सालाझारची सारी कायदेशीर इमारत त्या ठरावाने पोखरली गेली होती. भारताने ते सभागृह सोडले नाही. पराभूत पोर्तुगालनेही सोडले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

योगायोग पाहा. १९ डिसेंबर १९६१ रोजी पणजीवर तिरंगा चढत होता, त्याच दिवशी योग्याकार्तात सुकार्नोंनी पश्चिम इरियन मुक्त करण्याचा आदेश राष्ट्राला दिला. आपल्या अटकेचा तेरावा वार्षिक दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता. गोव्याची तारीख त्यांच्या ध्यानीमनीही नसावी. पुढे काही चकमकी झाल्या, पण प्रश्न सुटला तो युनोमार्फतच. १५ ऑगस्ट १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये करार झाला, युनोच्या प्रशासनाने काही महिने तो प्रदेश आपल्या ताब्यात ठेवला आणि १ मे १९६३ रोजी इंडोनेशियाच्या स्वाधीन केला. या व्यवहारात खुद्द पापुआच्या लोकांना कोणी विचारले नाही, तो निराळा आणि दुःखद विषय आहे. मात्र सुकार्नोंना जे हवे होते, ते त्यांना मिळाले होते आणि देणारे हात युनोचे होते.

यशाने माणूस शांत होतो, असे नाही. १९५९ पासून त्यांनी संसदेचा काटा काढून सारी सत्ता आपल्या भोवती गोळा केली होती. १९६३ मध्ये ते तहहयात अध्यक्ष झाले. विरोध ऐकण्याची सवय मोडली, की जगाचा विरोधही विश्वासघात वाटू लागतो. १९६२ च्या ऑगस्टात जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. यजमानांनी इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊच दिले नाही. भारताच्या गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली, तेव्हा जमावाने जाकार्तातील भारतीय वकिलातीवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरला, आपल्या फुटबॉल संघाने शत्रुवत झालेल्या प्रेक्षकांच्या गोंगाटात दक्षिण कोरियाला हरवून सुवर्णपदक मिळविले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले, तेव्हा सुकार्नोंनी ऑलिंपिकलाच पर्याय काढला आणि १९६३ च्या नोव्हेंबरात जाकार्तात नव्या उदयोन्मुख राष्ट्रांच्या स्पर्धा भरविल्या. त्यांना गर्दी झाली, आतषबाजी झाली. पण जगाचे खेळाडू पुढच्या वर्षी तोकियोलाच गेले, आणि तेथवर पोहोचलेल्या इंडोनेशियन खेळाडूंना मैदानावर न उतरताच परतावे लागले. युनोच्या बाबतीत जे व्हावयाचे होते, त्याची ही रंगीत तालीमच म्हणावी लागेल.

दुसरे कारण मलेशिया. मलाया, सिंगापूर, सारावाक आणि सबा यांचे संघराज्य हा ब्रिटिशांचा डाव आहे, असे सुकार्नोंचे मत होते आणि त्यात अजिबात अर्थ नव्हता, असे नाही. १९६३ च्या मनिला परिषदेत त्यांनी बोर्निओतील जनतेचे मत युनोने अजमावावे, ही तोड मान्य केली. सरचिटणीस ऊ थांट यांनी पथक पाठविले. बहुसंख्यांना संघराज्य हवे आहे, असा निष्कर्ष १४ सप्टेंबरला जाहीर झाला. मात्र संघराज्याची तारीख मलायाच्या नेत्यांनी आधीच जाहीर करून टाकली होती, तेव्हा अहवाल केवळ देखाव्यासाठी होता, या सुकार्नोंच्या तक्रारीस आधार मिळाला. ज्या पंचाला आपण नेमले, त्याचाच निकाल त्यांनी फेटाळला. बोर्निओच्या जंगलात चकमकी सुरू झाल्या. १९६४ च्या सप्टेंबरात इंडोनेशियाचे छत्रीधारी सैनिक जोहोर प्रांतात उतरले आणि मलेशियाने सुरक्षा समितीकडे धाव घेतली. ठरावाच्या बाजूने नऊ मते पडली. तो पडला, पुन्हा, रशियाच्या नकाराधिकाराने. म्हणजे ज्या नकाराधिकाराने तीन वर्षांपूर्वी आपली लाज राखली, त्यानेच सुकार्नोंचीही राखली. ते आत होते म्हणून त्यांची बाजू आत मांडली गेली.

मग आली १९६५ सालची जागा. सुरक्षा समितीच्या एका अस्थायी जागेवर एक वर्ष चेकोस्लोव्हाकियाने आणि एक वर्ष मलेशियाने बसावे, अशी तडजोड आमसभेत आधीच झालेली होती. तिच्याप्रमाणे मलेशियाची पाळी आली. ३१ डिसेंबर १९६४ च्या रात्री जाकार्तातून इशारा गेला, की मलेशिया बसल्यास आम्ही उठू. मलेशिया बसला. ७ जानेवारी १९६५ रोजी सुकार्नोंनी जाहीर सभेत सभासदत्व सोडल्याचे सांगितले. परराष्ट्रमंत्री सुबांद्रियो यांचे २० जानेवारीचे पत्र न्यूयॉर्कला गेले. त्यात युनोबरोबर अन्न व शेती संघटना, युनेस्को आणि बालकांसाठी काम करणारी युनिसेफ यांचीही नावे होती. मलेशियाच्या एका वर्षाच्या खुर्चीचा राग इंडोनेशियाच्या मुलांच्या दुधावर कशासाठी निघावा, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही.

वर्णद्वेष, वसाहतवाद, अण्वस्त्रे, चीनवरील अन्याय, यांपैकी कोणत्याही कारणासाठी ते उठले असते, तर अर्धा आशिया त्यांच्यामागे उभा राहिला असता. ते उठले ते शेजाऱ्याला मिळालेल्या एका वर्षाच्या खुर्चीसाठी. सरचिटणिसांच्या आसनावर ब्रह्मदेशाचा माणूस बसला होता, सभागृहात बांडुंगला आलेल्या देशांची गर्दी झाली होती. बांडुंगचे सामर्थ्य युनोत दिसू लागले, नेमक्या त्याच वेळी बांडुंगचा यजमान बाहेर पडला. आशियाई-आफ्रिकी मित्रांनी फेरविचार करावा म्हणून परोपरीने सांगितले. मनापासून टाळ्या पडल्या त्या पेकिंगमधून, आणि पेकिंग स्वतः सभासद नव्हते. बाहेर बसलेल्याला आणखी एक सोबती हवाच असतो.

कायद्याचा प्रश्नही होता. जुन्या राष्ट्रसंघाच्या करारात दोन वर्षांची सूचना देऊन बाहेर पडण्याची वाट ठेवलेली होती. त्या वाटेने १९३३ मध्ये जपान आणि जर्मनी गेले, १९३७ मध्ये इटली गेली. युनोच्या सनदेत अशी वाट नाही. ऊ थांट यांनी २६ फेब्रुवारीस खेद व्यक्त करणारे उत्तर पाठविले आणि इंडोनेशियाने पुन्हा पूर्ण सहकार्य सुरू करावे, अशी आशा दर्शविली. इमारतीपुढचा ध्वज उतरविण्यात आला, नावाची पाटी उचलण्यात आली. दार मात्र कोणी लावून घेतले नाही.

सुकार्नोंनी युनोलाही पर्याय काढावयाचे ठरविले. नव्या उदयोन्मुख शक्तींची परिषद भरावी म्हणून जाकार्तातील सेनायान भागात चीनच्या मदतीने भव्य सभागृहे उठू लागली. १९६५ च्या ऑगस्टात नाणेनिधी आणि जागतिक बँकही सोडली. इकडे देशात त्या वर्षी महागाई सहाशे टक्क्यांच्या वर गेली. डिसेंबरात जुन्या हजार रुपियांची एक नवी रुपिया करावी लागली. सप्टेंबरात भारत-पाक युद्ध पेटले, तेव्हा सुकार्नोंनी उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली. मात्र सुरक्षा समितीत त्यांच्या आवाजाला जागा नव्हती. ज्या खुर्चीवरून ते उठून गेले होते, त्या मलेशियाच्या प्रतिनिधीने तेथे भारताची बाजू अशी समजून घेतली, की पाकिस्तानने मलेशियाशी असलेले राजनैतिक संबंधच तोडले. १९५० च्या जानेवारीत दिल्लीस आलेला पाहुणा आणि हा माणूस एकच, यावर विश्वास बसू नये.

३० सप्टेंबर १९६५ च्या रात्री सहा सेनापतींची हत्या झाली. मागोमाग कम्युनिस्टांचे आणि कम्युनिस्ट म्हणून संशय आलेल्यांचे जे शिरकाण झाले, त्यात पाच लाख किंवा त्याहूनही अधिक माणसे मारली गेली, असा अंदाज आहे. या कत्तलीच्या काळात इंडोनेशिया युनोच्या बाहेर होता. तो आत असता, तर ती थांबली असती, असे आम्ही म्हणणार नाही. शीतयुद्धात कोणाला कोणाचे रक्त दिसत होते, हे ठाऊक आहे. एवढेच, की त्या महिन्यांत त्या देशाविषयी प्रश्न विचारावयास त्याचा प्रतिनिधी समोर नव्हता. ११ मार्च १९६६ रोजी सुकार्नोंनी जनरल सुहार्तो यांना अधिकार देणाऱ्या कागदावर सही केली आणि नंतर ते नावापुरतेच अध्यक्ष उरले.

ऑगस्टात मलेशियाशी समेट झाला. सप्टेंबरात न्यूयॉर्कला तार गेली, की इंडोनेशिया पूर्ण सहकार्य पुन्हा सुरू करीत आहे. नव्याने प्रवेश नाही, मतदान नाही. २८ सप्टेंबर १९६६ रोजी आमसभेचे अध्यक्ष, अफगाणिस्तानचे अब्दुल रहमान पझवाक यांनी, कोणाची हरकत नसल्यास मधली अनुपस्थिती म्हणजे सभासदत्वाचा त्याग नव्हे, केवळ सहकार्यातील खंड होता असे समजू, असे सांगितले. कोणाची हरकत नव्हती. प्रवेशाला त्याच दिवशी सोळा वर्षे पूर्ण झाली होती. इंडोनेशियाची माणसे आपल्या जागेवर जाऊन बसली. जाकार्तात त्या वेळी सुकार्नो अध्यक्षपदावर होते.

१९६७ च्या मार्चमध्ये तेही पद गेले. त्याच वर्षी ऑगस्टात इंडोनेशिया आणि मलेशिया यांनी तीन शेजाऱ्यांसह आसियान ही संघटना स्थापन केली. सेनायानच्या त्या सभागृहांत नव्या उदयोन्मुख शक्तींची परिषद कधी भरली नाही. पुढे तेथे इंडोनेशियाची संसद भरू लागली. नजरकैदेत, आजाराने खंगलेले सुकार्नो २१ जून १९७० रोजी वारले. त्यांची इच्छा बोगोरजवळ विसावण्याची होती. सरकारने त्यांना पूर्व जावातील ब्लितार येथे, आईच्या शेजारी पुरले.

१९७१ च्या सप्टेंबरात आमसभेचे सव्विसावे अधिवेशन भरले. अध्यक्षपदी निवडून आले इंडोनेशियाचे परराष्ट्रमंत्री आदम मलिक. २५ ऑक्टोबरला त्यांच्यासमोर चीनच्या प्रवेशाचा ठराव मताला पडला आणि मंजूर झाला. सुकार्नोंनी अकरा वर्षांपूर्वी त्याच व्यासपीठावरून हीच मागणी केली होती. मतमोजणीत इंडोनेशियाचे नाव तटस्थ राहिलेल्यांच्या यादीत होते.